अध्यक्षाची सही कुठवर चालते, आणि उपाध्यक्षाच्या हातात नक्की काय असतं

तुम्ही विचारलंय की अमेरिकेचा अध्यक्ष घटनेप्रमाणे नक्की काय काय करू शकतो, कारण टीव्हीवर रोज एक नवी ऑर्डर दाखवतात आणि सांगलीहून सासरे फोन करून विचारतात की आता तुमचं कसं व्हायचं. दुसरं म्हणजे उपाध्यक्षाला खरंच काही काम असतं का नुसताच मागे उभा राहतो. तिसरा प्रश्न तुमच्या मुलीचा आहे, तो शेवटी घेतो. मी न्यू जर्सीत इमिग्रेशनची वकिली करतो, वीस वर्षं होऊन गेली, आणि माझ्या टेबलावर येणारे बरेचसे कागद फिरून फिरून याच प्रश्नापाशी येतात की हे अध्यक्षाला करता येतं का, त्यामुळे जरा लांबण लागेल पण नीट सांगतो.

पहिल्यांदा एका शब्दाचा घोळ काढू, कारण निम्मी भीती तिथूनच येते. मराठी बातम्यांत एक्झिक्युटिव्ह ऑर्डरला सर्रास वटहुकूम म्हणतात. आपल्याकडचा वटहुकूम म्हणजे कलम १२३, संसदेचं अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपती काढतात आणि निघाला की त्याला कायद्याइतकाच जोर, मग संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत मंजूर करून घेतला नाही तर तो संपतो. अमेरिकेच्या अध्यक्षाला असा अधिकारच दिलेला नाही. कायदा करायचा अधिकार पूर्ण काँग्रेसचा, म्हणजे इथल्या संसदेचा, आणि अध्यक्षाची ऑर्डर म्हणजे साहेबाने आपल्याच खात्यांना दिलेली लेखी सूचना, की बाबांनो हा कायदा असा राबवा, याला आधी हात घाला, त्याला नंतर. ती सूचना कधी कधी फार जड पडते हे खरं, १९४२ साली रूझवेल्टच्या एका ऑर्डरवर पश्चिम किनाऱ्यावरच्या लाखाच्या वर जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं, त्यातले बहुतेक अमेरिकन नागरिक होते. म्हणून ऑर्डर म्हणजे किरकोळ गोष्ट असं मी अजिबात म्हणत नाही. पण तिच्या अंगात जो जोर असतो तो कुठून तरी उसना आणलेला असतो, आणि तो कुठून आणला हे शोधणं एवढंच आमचं वकिलांचं काम.

हे शोधायची रीत १९५२ मध्ये ठरली. कोरियात युद्ध चालू होतं, इकडे पोलाद कामगार संपावर जायच्या बेतात, तर ट्रूमनने एप्रिलमध्ये ऑर्डर काढून देशातल्या पोलाद गिरण्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. म्हणाला युद्ध चालू आहे, मी सेनापती आहे, पोलाद थांबलं तर बंदुका थांबतील. कंपन्या कोर्टात गेल्या आणि २ जूनला सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीनने निकाल दिला की हे चालणार नाही, गिरण्या परत करा. त्या वेळचे नऊच्या नऊ न्यायाधीश रूझवेल्ट आणि ट्रूमन या दोघांनीच नेमलेले होते हे लक्षात घ्या. ट्रूमनला निकाल पटला नव्हता पण गिरण्या लगेच परत गेल्या. त्या निकालात जस्टिस रॉबर्ट जॅक्सन यांनी वेगळं मत लिहिलं आणि आज आम्ही सगळे त्यावरच चालतो. त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. काँग्रेसने कायद्याने अधिकार दिलाय आणि अध्यक्ष तो वापरतोय, तर त्याचा हात सगळ्यात मजबूत. काँग्रेस गप्प आहे, ना हो ना नाही, तर तो तिन्हीसांजेसारखा पट्टा, दिसतंही आणि दिसतही नाही, तिथे प्रसंग बघून ठरतं. आणि काँग्रेसने सरळ नाही म्हटलंय तरी अध्यक्ष करतोय, तर त्याचा हात सगळ्यात दुबळा, तिथे फक्त घटनेने त्याच्या एकट्याच्या पदरात जे टाकलंय तेवढ्यावरच त्याला उभं राहता येतं.

त्याच १९५२ च्या जून महिन्यात आणखी एक गोष्ट झाली जी आपल्या लोकांना थेट लागते. काँग्रेसने नवा इमिग्रेशन कायदा केला, ट्रूमनने त्याला व्हीटो केला, म्हणजे सही न करता परत पाठवला, काँग्रेसने दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी तो व्हीटो मोडून कायदा आणलाच. या कायद्यात एक कलम आहे, आमच्या बोलण्यात टू-ट्वेल्व्ह-एफ, त्यात अध्यक्षाला म्हटलंय की बाहेरच्या कुठल्याही वर्गाच्या लोकांचा देशातला प्रवेश देशहिताला बाधक वाटला तर तो तू थांबवू शकतोस. म्हणजे ज्या महिन्यात कोर्टाने सांगितलं की कायद्याशिवाय तुझा हात पोचत नाही, त्याच महिन्यात काँग्रेसने अध्यक्षाची इच्छा नसताना त्याच्या पुढच्या सगळ्यांच्या हातात हे हत्यार दिलं. २०१८ मध्ये ट्रम्प यांचा ट्रॅव्हल बॅन, म्हणजे काही देशांच्या लोकांवरची प्रवेशबंदी, सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चारने टिकला तो याच कलमावर.

१९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार संध्याकाळ. एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, एक लाख डॉलरची फी लावणारं प्रोक्लमेशन, म्हणजे अध्यक्षाचा जाहीरनामा, आलं आणि माझा फोन थांबेना. एक मुलगा नेवार्क एअरपोर्टवर बोर्डिंगच्या रांगेत उभा राहून बोलत होता, आईचं ऑपरेशन होतं मुंबईत सोमवारी, मागून अनाउन्समेंट ऐकू येत होती आणि हा विचारतोय, सर जाऊ का नको, गेलो तर परत येता येईल का. मी कागद उघडून बसलो होतो, त्यात दोन गोष्टी दिसल्या, की आधार टू-ट्वेल्व्ह-एफचा घेतलाय आणि सगळी भाषा प्रवेशाची आहे, एंट्रीची, आत असलेल्याच्या स्टेटसबद्दल त्यात काही नाही. आणि बाहेर असलेल्यांचं काय हे मात्र त्या रात्री नीट स्पष्ट नव्हतं. मी त्याला हे जसंच्या तसं सांगितलं, निर्णय त्याने घेतला, तो गेला नाही, रांगेतून बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी सरकारने खुलासा केला की फी फक्त नव्या अर्जांना, जुन्या व्हिसावाल्यांना जाण्यायेण्यात अडचण नाही. तो मग रविवारच्या विमानाने गेला आणि ऑपरेशन झाल्यावर पोचला. हे मला अजून लागून राहिलंय. आणि म्हणूनच सांगतो, बातमी आली की आधी हे बघा की सहीच्या खाली कुठला कायदा ठेवलाय.

आता याची दुसरी बाजू. ग्रीन कार्डची रांग, जिच्यात तुम्ही स्वतः आहात, ती कुठल्याच अध्यक्षाने लावलेली नाही आणि कुठलाच अध्यक्ष ती एका सहीने काढूही शकत नाही. नोकरीवाल्यांची वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा हे काँग्रेसने कायद्यात आकड्यानिशी लिहून ठेवलंय. ती मर्यादा काढायचं बिल जुलै २०१९ मध्ये खालच्या सभागृहात ३६५ विरुद्ध ६५ असं दणदणीत पास झालं, पुढे डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहानेही, पास केलं पण वेगळ्या मसुद्याने, दोघांचा मेळ बसला नाही आणि काँग्रेसची टर्म संपली तसं बिलही संपलं. निवडणुकीत उमेदवार कुठलाही असो, मी तुमचा बॅकलॉग संपवीन म्हणाला तर त्याला विचारा, सिनेटमधली मतं कुठून आणणार.

मध्येच एक तिसरा प्रकार असतो, रूल. एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराचा एच-फोर व्हिसा असतो, तशा काही बायकांना, म्हणजे नवऱ्यांनाही, २०१५ मध्ये काम करायची परवानगी मिळाली ती ऑर्डरने नाही, खात्याने मसुदा छापला, लोकांच्या हरकती मागवल्या, त्यांना उत्तरं दिली, मग नियम झाला. पुढच्या सरकारने तो काढायचं जाहीर केलं पण चार वर्षांत ती सगळी प्रक्रिया पूर्ण झालीच नाही आणि २०२१ मध्ये तो प्रस्ताव मागे घेतला गेला. याच्या उलट हवामानाचा पॅरिस करार बघा, ओबामाने २०१६ मध्ये सिनेटकडे न जाता आपल्या अधिकारात मान्य केला, म्हणून ट्रम्प बाहेर पडू शकले, बायडन यांनी पहिल्याच दिवशी परत आत यायची सही केली, ट्रम्प यांनी २०२५ मध्ये पहिल्याच दिवशी परत बाहेर पडायची. सहीने आलेलं सहीने जातं. खरा तह असेल तर त्याला सिनेटच्या हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश लागतात, आणि ते किती अवघड असतं हे अध्यक्ष विल्सनला विचारा, पहिल्या महायुद्धाचा व्हर्सायचा तह स्वतः पॅरिसला महिनोन्महिने बसून केला आणि स्वतःच्याच सिनेटने १९१९ मध्ये आणि परत १९२० मध्ये नाकारला.

मग एकट्या अध्यक्षाचं असं काय आहे, जे काँग्रेसही काढून घेऊ शकत नाही? सगळ्यात मोठं म्हणजे माफी. फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याखालच्या, गुन्ह्याला तो कुणालाही माफ करू शकतो, खटला व्हायच्या आधीसुद्धा, फोर्डने निक्सनला सप्टेंबर १९७४ मध्ये तशीच माफी दिली. फक्त इम्पीचमेंटला, म्हणजे महाभियोगाला, माफी चालत नाही. पण इथेच आपली माणसं फसतात. एका गृहस्थांनी व्हाइट हाउसला माफीचा अर्ज लिहून माझ्याकडे तपासायला आणला होता, सहा पानी, फार मनापासून लिहिलेला, प्रकरण दुकानातून वस्तू उचलल्याचं. ते राज्याच्या कायद्याखालचं होतं, अध्यक्षाचा त्याच्याशी संबंधच नाही, तिथे राज्याच्या गव्हर्नरकडे जावं लागतं. आपल्याकडे येणारी दारू पिऊन गाडी चालवणं, घरातली मारहाण, चोरी ही जवळपास सगळी प्रकरणं राज्याचीच असतात.

सैन्याचं म्हणाल तर तो सरसेनापती आहेच पण युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसला, आणि काँग्रेसने रीतसर युद्ध शेवटचं पुकारलं ते जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. कोरिया, व्हिएतनाम, इराक, सगळं त्याशिवाय. १९७३ मध्ये काँग्रेसने निक्सनचा व्हीटो मोडून कायदा केला की सैन्य लढाईत घातलंत तर ४८ तासांत कळवा आणि आमची परवानगी नसेल तर ६० दिवसांत मागे घ्या, पण मला विचाराल तर या बाबतीत काँग्रेसने स्वतःचं काम स्वतःच सोडलंय, त्याचं खापर एकट्या अध्यक्षावर फोडून चालणार नाही.

व्हीटोचं थोडक्यात सांगतो. बिल टेबलावर आलं की रविवार सोडून दहा दिवस. सही केली तर कायदा, परत पाठवलं तर दोन्हीकडे दोन तृतीयांश लागतात, काहीच केलं नाही आणि काँग्रेस चालू असेल तर आपोआप कायदा, आणि त्या दहा दिवसांत काँग्रेस उठली असेल तर बिल खिशातच मेलं. पण बिल घ्यायचं तर अख्खं, आतली एखादी ओळ नको म्हणून खोडता येत नाही. काँग्रेसने स्वतःच तसा अधिकार क्लिंटनला कायद्याने देऊन पाहिला, १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तोही काढला. याच धाग्यात एक नाव तुम्हाला सांगायचंय, जगदीश राय चढ्ढा. केनियात जन्मलेला भारतीय वंशाचा मुलगा, अमेरिकेत स्टुडंट व्हिसावर आला, व्हिसा संपला, इमिग्रेशन जजने डिपोर्टेशन थांबवलं, आणि मग काँग्रेसच्या एका सभागृहाने ठराव करून ते रद्द केलं, दुसऱ्या सभागृहाला न विचारता, अध्यक्षाकडे न पाठवता. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं अर्ध्या वाटेने कुणाला बाहेर काढता येणार नाही, दोन्ही सभागृहं आणि अध्यक्षाचं टेबल ही वाट काँग्रेसलाही चुकत नाही. त्या एका निकालाने काँग्रेसच्या जवळपास दोनशे कायद्यांतली तशी कलमं धोक्यात आली. एका स्टुडंट व्हिसावाल्याच्या नावाने!

नेमणुका तो करतो पण मंत्री, राजदूत, न्यायाधीश यांना सिनेटची संमती हवी, आणि सिनेटला वाटलं तर ती नाव ऐकूनही घेत नाही, २०१६ च्या मार्चमध्ये ओबामाने मेरिक गार्लंड यांचं नाव सुप्रीम कोर्टासाठी दिलं, सुनावणीसुद्धा झाली नाही. तिजोरीची किल्ली पूर्णपणे काँग्रेसकडे. निक्सनने मंजूर झालेले पैसे खर्च न करता अडवून ठेवायला सुरुवात केली तेव्हा १९७४ मध्ये त्याविरुद्ध कायदाच झाला. आणि बायडनने विद्यार्थ्यांची कर्जं माफ करायला घेतली, साधारण ४३० अब्ज डॉलर, तीही २०२३ मध्ये कोर्टाने अडवली, कारण ज्या कायद्याचा आधार घेतला त्यात एवढं मावत नाही म्हणाले. म्हणजे हे एका पक्षाचं दुखणं नाही.

कर्तव्यांबद्दल लोक विचारतच नाहीत म्हणून मुद्दाम सांगतो. घटनेत एक छोटं वाक्य आहे की कायदे निष्ठेने राबवले जातील याची तो काळजी घेईल. आवडलेले कायदे असं नाही म्हटलेलं. शिवाय काँग्रेसला देशाच्या स्थितीची माहिती वेळोवेळी द्यायची, परदेशी राजदूतांना भेटायचं. आणि त्याची पस्तीस शब्दांची शपथ घटनेत शब्दशः लिहिलेली आहे. उपाध्यक्षाची शपथ तशी घटनेत नाही, ती कायद्यातून येते. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अध्यक्षाला सरकारी कामासाठी फौजदारी खटल्यापासून मोठं संरक्षण दिलं, सहा विरुद्ध तीन, आणि माझ्या मते त्याने त्या शपथेचं वजन कमी झालंय, पण कायदा आज तो आहे.

आता उपाध्यक्ष. इथे न्यू जर्सीतच एडिसन गावात एक काकू आहेत, बहात्तर वर्षांच्या, सिटिझनशिपच्या परीक्षेची तयारी करत होत्या, मुलाने प्रश्नांची कार्डं करून दिलेली, एका बाजूला इंग्रजी, मागे त्यांच्या अक्षरात मराठी उच्चार. कार्ड निघालं, अध्यक्ष काम करू शकला नाही तर अध्यक्ष कोण होतं. काकूंनी उत्तर बरोबर दिलं, कार्ड उलटं ठेवलं आणि म्हणाल्या, "अरे पण तो एरवी काय करतो?"

एरवीसाठी घटनेत मुख्य काम एकच आहे, सिनेटचं अध्यक्षपद, आणि मत फक्त बरोबरी झाली तर. आपले उपराष्ट्रपती राज्यसभेचे सभापती असतात ती कल्पना इथूनच आली पण आपले उपराष्ट्रपती रोज खुर्चीवर बसून सभागृह चालवतात, इथला क्वचितच फिरकतो. मात्र बरोबरीच्या दिवशी त्याच्याइतकं मोठं कुणी नसतं. उपाध्यक्ष असताना कमला हॅरिस यांनी चार वर्षांत ३३ वेळा असं मत दिलं, इतिहासात सगळ्यात जास्त, आधीचा विक्रम कॅलहूनचा ३१ चा होता आणि तो १८३२ पासून टिकून होता. जानेवारी २०२५ मध्ये संरक्षणमंत्री हेगसेथ यांची नेमणूक उपाध्यक्ष व्हान्स यांच्या मतावर झाली आणि १ जुलैला ते मोठं टॅक्स आणि खर्चाचं बिल ५१ विरुद्ध ५० झालं तेही त्यांच्याच.

त्याच खुर्चीमुळे येणारं दुसरं काम मतमोजणीचं. निवडणुकीनंतर राज्यांकडून आलेली पाकिटं ६ जानेवारीला काँग्रेससमोर उघडायची. २०२१ मध्ये तेव्हाचे उपाध्यक्ष पेन्स यांच्यावर दबाव आला की काही राज्यांची मतं बाजूला ठेवा, त्यांनी नाही म्हटलं, आणि पुढे २०२२ मध्ये काँग्रेसने कायदाच केला की हे काम फक्त उघडण्याचं आहे, ठरवण्याचं नाही. ६ जानेवारी २०२५ ला हॅरिस यांनी त्या खुर्चीवर उभं राहून स्वतःच्या पराभवाचे आकडे वाचले. मी ते ऑफिसात सगळं बाजूला ठेवून बघितलं, अर्ध्या तासात झालं सगळं, कुठे आवाज चढला नाही.

आणि अध्यक्ष गेला तर? हे आज इतकं सोपं वाटतं पण घटनेची मूळ भाषा संदिग्ध होती, की अध्यक्षाचं पद उपाध्यक्षाकडे येतं का फक्त कामं येतात. १८४१ मध्ये अध्यक्ष हॅरिसन शपथेनंतर एका महिन्यात वारले, बरेच जण म्हणाले उपाध्यक्ष टायलर हे प्रभारी. टायलर यांनी सरळ शपथ घेतली आणि सांगितलं मी प्रभारी नाही, मी अध्यक्ष. ते तसंच रूढ झालं, एकूण नऊ उपाध्यक्ष असे वर गेले, आणि लेखी मात्र १९६७ मध्ये पंचविसाव्या दुरुस्तीने झालं. आपल्याकडे उलट आहे, राष्ट्रपतींचं निधन झालं तर उपराष्ट्रपती फक्त सहा महिन्यांच्या आत निवडणूक होईपर्यंत काम बघतात, १९७७ मध्ये जत्ती यांनी बघितलं तसं.

रोजच्या कारभारात त्याला किती आत घ्यायचं हे मात्र पूर्ण अध्यक्षाच्या मर्जीवर. ट्रूमन ८२ दिवस उपाध्यक्ष होते आणि अणुबॉम्बची पूर्ण माहिती त्यांना रूझवेल्ट गेल्यावर मिळाली, विचार करा. नंतर शहाणपण आलं, १९४९ पासून राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत त्याची जागा कायद्याने ठरली, १९७७ मध्ये तेव्हाचे उपाध्यक्ष मॉन्डेल यांना वेस्ट विंगमध्ये, म्हणजे व्हाइट हाउसमध्ये अध्यक्षाच्या ऑफिसाजवळ, ऑफिस मिळालं. तरीही एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते, मंत्र्याला अध्यक्ष एका ओळीत घरी पाठवू शकतो, उपाध्यक्षाला नाही, तो लोकांच्या निवडणुकीतून आलेला असतो. आणि अध्यक्ष काम करण्याच्या अवस्थेत नाही असं त्याच्या इच्छेविरुद्ध ठरवायची वेळ आली तर पंचविसाव्या दुरुस्तीच्या चौथ्या कलमात मंत्रिमंडळाचं बहुमत आणि उपाध्यक्ष दोघं लागतात, उपाध्यक्षाने सही केली नाही तर फाइल हलतच नाही. ते कलम आजवर कधी वापरलेलं नाही. स्वतःहून तात्पुरता कारभार देण्याचं तिसरं कलम वापरलंय, नोव्हेंबर २०२१ मध्ये बायडन यांना तपासणीसाठी भूल दिली तेव्हा ८५ मिनिटं अध्यक्षाचे अधिकार हॅरिस यांच्याकडे होते. काकूंना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, दीड तास का होईना, बाई बसली.

राहिला तुमच्या मुलीचा प्रश्न, की बाबा अध्यक्ष नाही तर निदान उपाध्यक्ष तरी होऊ शकतो का. तुम्ही उद्या सिटिझन झालात तरी नाही. अध्यक्षाला जन्माने नागरिक, ३५ वर्षं पूर्ण आणि अमेरिकेत १४ वर्षांचं वास्तव्य लागतं, आणि १८०४ च्या बाराव्या दुरुस्तीचं शेवटचं वाक्य असं आहे की जो अध्यक्षपदाला अपात्र तो उपाध्यक्षपदालाही अपात्र. तिची गोष्ट वेगळी. तुम्ही एच-वनवर असताना तिचा जन्म इथे झाला, हॅरिस यांचाही असाच, १९६४ मध्ये ओकलंडला, आई चेन्नईकडची आणि वडील जमैकाचे, दोघंही शिकायला आलेले. जानेवारी २०२५ ची जन्मसिद्ध नागरिकत्वाची ऑर्डर, जी तिसऱ्याच दिवशी सिअॅटलच्या कोर्टाने अडवली आणि पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, ती तिच्या भाषेतच पुढे जन्मणाऱ्या मुलांपुरती लिहिलेली आहे, तुमच्या मुलीला ती लागू होत नाही, तेव्हा त्याची रात्री काळजी करत बसू नका. तुम्ही तिचं जन्मसाल २०१७ लिहिलंय, म्हणजे ३५ पूर्ण होतात २०५२ मध्ये. त्या वर्षी नोव्हेंबरात निवडणूक आहे, तिला सांगा.